वाळवंट आणि आधुनिक वास्तू, अमूर्त अंगाने: चित्र पोस्टरसारखं दिसतं, टेपखालून रंग झिरपतो

चौथा_मजला

नमस्कार. ३६ × ४८ इंचांच्या तीन चित्रांची मालिका अ‍ॅक्रिलिकमध्ये करायला घेतली आहे. विषय वाळवंटातली आधुनिक वास्तू, पण अमूर्त अंगाने. समोर संदर्भ दोन: कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जमधलं वास्तुविशारद रिचर्ड नॉयट्रा यांचं कॉफमन हाउस (१९४६) आणि जयपूरचं चार्ल्स कोरियांचं जवाहर कला केंद्र. भूदृश्य जैसलमेरच्या बाजूचं. इमारत ओळखू यायला नको. उंट, राजस्थानी छत्री (खांबांवरची घुमटी), खेजडीचं झाड असलं तर काहीच नको.

अडचणी अशा. छोट्या स्केचमध्ये जमलेलं मोठ्या कॅनव्हासवर पर्यटनाच्या पोस्टरसारखं दिसतं. पट्टे सपाट, कडा सगळ्या सारख्या, ऊन कुठेच नाही. वाळूचा रंग एकतर बेसनासारखा पिवळा होतो नाहीतर मातकट. सावलीत काळा घातला की चित्र मरतं. मास्किंग टेप काढली की कडेला रंगाचे दाते आलेले असतात, आणि एका ठिकाणी खालचा रंगच टेपबरोबर सोलून आला. पोतासाठी रंगात वाळू मिसळली, ती वाळल्यावर हात लावला की झडते.

काम मालाडला घरीच, समुद्रापासून फार लांब नाही, आणि दोन चित्रं तरी पावसाळ्यात होणार. कॅनव्हास की बोर्ड, टेप कुठली, सावली कशी ठरवायची, जे माहीत असेल ते सविस्तर लिहा. सामान मुंबईत मिळणारं असेल तर उत्तम.

सावलीमाप

पोस्टरचा दोष रंगात कमी आणि सावलीत जास्त असतो, म्हणून तिथून सुरुवात करतो.

वाळवंटातल्या आधुनिक घरात छज्जा हा खरा नायक. भिंत त्याची सावली झेलायला उभी असते. ही सावली किती खाली उतरवायची ते डोळ्यांनी ठरवू नका, हिशोब सोपा आहे. जैसलमेर साधारण २७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ मार्चच्या सुमारास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ६३ अंशांवर असतो. दक्षिणेकडे तोंड केलेली ३ मीटर उंच भिंत आणि १ मीटर बाहेर आलेला छज्जा धरा. सावली जवळजवळ २ मीटर उतरते, म्हणजे वरची दोन तृतीयांश भिंत सावलीत. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सूर्य ४० अंशांच्याही खाली, सावली फक्त ८३ सेंटिमीटर, पाव भागाहून थोडी जास्त. जूनमध्ये सूर्य डोक्यावर, अख्खी भिंत झाकलेली आणि उन्हाची रेघ फक्त जमिनीवर. तीन चित्रं आहेतच, तर ही तीन प्रमाणं घ्या. रचना आपोआप वेगवेगळ्या होतील आणि त्यांच्यामागे कारणही असेल.

मुंबईत काढलेल्या फोटोंवरून सावल्या उचलत असाल तर सांभाळा. इथला अक्षांश १९, मार्चमध्ये सूर्य ७१ अंशांवर. तोच छज्जा तीच भिंत जवळपास पूर्ण झाकतो. दमट हवेमुळे सावलीत सगळीकडून उजेड शिरतो तो वेगळाच.

आता कडा. सूर्य ठिपक्यासारखा नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड, सावली टाकणारी वस्तू जितकी दूर, तितकी मऊ होते. मोजमाप असं: किरणाच्या दिशेने अंतर मोजा आणि त्याला १०८ ने भागा, तेवढी मऊ पट्टी. १ मीटरला ९ मिलिमीटर, ५ मीटरला साडेचार सेंटिमीटर, २० मीटरला १८ सेंटिमीटर. पृष्ठभागावर किरण तिरपा पडला तर पट्टी आणखी रुंदावते. कॅनव्हासवर दहास एक हे प्रमाण धरलं तर जवळच्या छज्ज्याच्या सावलीची कड दोन-चार मिलिमीटरची, आणि दूरच्या उंच भिंतीची वाळूवर पडलेली सावली दोन सेंटिमीटरभर विरघळलेली. भिंत जिथे संपते ती कड मात्र सुरीने कापल्यासारखी. एकाच चित्रात या तीन कडा आल्या की डोळा ऊन मानायला लागतो. सगळ्या कडा टेपने मारल्या की पोस्टर.

वाळूच्या टेकड्यांचंही तसंच. वाऱ्याकडचा उतार पसरट असतो, साधारण १० ते १५ अंश. आडोशाकडची बाजू ३० ते ३४ अंशांवर थांबते, कारण त्याहून उभी कोरडी वाळू राहतच नाही, घसरते. दोन्ही बाजूंना सारखा त्रिकोण काढला की पिरॅमिड होतो. मी तर ३३ अंशांची एकच तिरकी घेऊन बाकी सगळं आडवं-उभं ठेवा म्हणेन. ४५ अंश टाळा, तो कंपासपेटीतला गुण्या वाटतो.

शेवटचं, यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) अजिबात आणू नका. एक भाग दर्शनी भिंतीसारखा समोरून आणि दुसरा आराखड्यासारखा वरून, दोन्ही एकाच सपाटीवर. राजस्थानी लघुचित्रांत अंगण वरून आणि महाल समोरून दिसतो, तीच युक्ती. जवाहर कला केंद्राचा आराखडा यासाठी आयता आहे: नऊ चौरस, त्यातला कोपऱ्यातला एक फिरवून बाहेर काढलेला. तो सरकलेला चौरस घ्या, बाकी इमारत विसरा.

गेरू_काव

वर कडांचं छान आलंय. रंगाचं मी लिहितो.

आधी करड्या रंगाची ० ते १० अशी पट्टी करा, ० काळा, १० पांढरा. वाळवंटाच्या भर दुपारी उन्हातला गिलावा ९, उन्हातली वाळू ८, धुळकट आकाश ७ ते साडेसात, वाळूवरची सावली साडेपाचच्या आसपास. चारच्या खाली जायचं ते फक्त दाराखिडक्यांच्या भोकांत, आणि त्यांचं एकूण क्षेत्र चित्राच्या पाच टक्क्यांपलीकडे नको. बहुतेकांच्या चित्रात वाळू सहावर असते आणि सावली तीनवर. ते वाळवंट राहत नाही, विटांची भट्टी होते.

नळ्या मोजक्या पुरतात: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, इंडियन रेड, अल्ट्रामरीन. नळीवरचं नाव वाचू नका, पिगमेंटचा क्रमांक वाचा. यलो ऑकर म्हणजे पीवाय ४२ किंवा ४३, अल्ट्रामरीन पीबी २९, इंडियन रेड पीआर १०१. स्वस्त संचांत ऑकरच्या नावाखाली पिवळा-काळा-तांबडा असं मिश्रण असतं आणि त्यात पुन्हा काही मिसळलं की चिखल. तुमचा मातकटपणा बहुधा इथूनच येतो.

उन्हातल्या वाळूला सुरुवातीचं माप: पांढरा १२ भाग, यलो ऑकर २, बर्न्ट सिएना अर्धा, आणि पॅलेट नाईफच्या टोकावर येईल एवढा अल्ट्रामरीन. हा निळा चिमूटभर घातल्याशिवाय पिवळेपणा मोडत नाही. गिलाव्याला पांढरा २० भाग, इंडियन रेड पाव, ऑकर अर्धा.

सावली एका रंगाची नसते, तिच्या तीन जाती धरा. जमिनीवरची सावली आकाशाकडे बघते, म्हणून थंड: वाळूच्याच मिश्रणात अल्ट्रामरीन आणि थोडं बर्न्ट सिएना. छज्ज्याची खालची बाजू फक्त उन्हातल्या वाळूकडे बघते, म्हणून ती सावलीत असूनही उबदार नारिंगी: ऑकर, बर्न्ट सिएना, पांढरा, निळा नाहीच. उभ्या भिंतीवरची सावली वर थंड आणि जमिनीजवळ उबदार, तो बदल पूर्ण उंचीभर हळूहळू. हे तीन फरक ठेवले की सावली सपाट राहत नाही, मग आकार कितीही साधा असो. काळ्याला हात लावायची गरज पडत नाही.

एक फरक मुद्दाम लक्षात ठेवा. कॉफमन हाउसच्या फोटोंमधलं आकाश गडद निळं असतं, कारण हवा कोरडी आणि स्वच्छ. थरच्या वाळवंटात मे-जूनमध्ये धूळ उडते, आकाश फिकट पिवळसर-पांढरं होतं आणि सावल्यांचा निळेपणा घटून त्या जांभळट करड्या होतात. दोन्ही प्रदेश एका चित्रात मिसळले तर उजेड खोटा वाटतो. चित्रागणिक एक आकाश ठरवा.

अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, कारण ओलं असताना माध्यम दुधाळ असतं. पांढरा कमी असलेल्या मिश्रणांत हा फरक जास्त दिसतो. पुठ्ठ्यावर पट्टी मारा, हेअर ड्रायरने वाळवा, मगच ठरवा. आणि एका आकाराला लागणारा सगळा रंग एकदाच कालवा. अर्ध्या कॅनव्हासएवढा आकार म्हणजे जेमतेम ०.५६ चौरस मीटर. तीन पातळ हातांना २०० ते २५० मिली लागतो, म्हणून ३०० मिली कालवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. नंतर तीच छटा पुन्हा जुळवणं म्हणजे निव्वळ मनस्ताप.

उन्हाची झळ दाखवायची असेल तर शेजारचे दोन आकार एकाच गडदपणाचे आणि फक्त ऊब-थंडाव्यात वेगळे ठेवा. काळ्या-पांढऱ्या फोटोत त्यांची कड नाहीशी झाली पाहिजे. प्रत्यक्षात ती कड थरथरते. पण अशी कड चित्रात एकच, फार तर दोन.

पटाशी

पाया आणि टेप.

मालाडला, पावसाळ्यात, वाळू लावायचा विचार असेल तर कापड सोडा. कॉटन डक (जाड सुती कॅनव्हास) हवेतल्या ओलाव्याने ढिला-घट्ट होतो, चार फुटांची चौकट पिळवटते, आणि जड लेप मधोमध झोळ पाडतो. एमडीएफ तर नकोच, कापलेल्या कडेने पाणी पितो आणि फुगतो. साइनबोर्डवाले वापरतात ती एसीपी शीट (दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लास्टिक) घ्या, ३ मिलिमीटरची. ८ × ४ फुटांच्या शीटमधून ४ × ३ चे दोन तुकडे निघतात आणि वर दोन फुटांची पट्टी उरते, ती रंगचाचणीला. वजन साडेचार किलोच्या आत. मात्र पॉलिस्टर कोटिंगवालीच मागा. इमारतींच्या बाहेरून लावतात ती पीव्हीडीएफ कोटिंगची असते, तिच्यावर प्रायमर धरत नाही.

संरक्षक फिल्म काढली की २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोटं लावू नका. मग जेसोचे (पांढऱ्या प्रायमरचे) तीन हात, एक आडवा एक उभा, दर हातानंतर ३२० ने हलकं घासणं. मागे अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची चौकट सिलिकॉन किंवा पीयू सीलंटने चिकटवा. स्क्रू नकोत, पुढून उठतात.

कॅनव्हासवरच करायचं असेल तर १२ औंसाचा डक घ्या, मध्ये आडवी पट्टी असलेली फ्रेम घ्या, आणि विणीचे खड्डे बुजेपर्यंत जेसो. चार हात लागतात. तुमचे दाते इथूनच येतात: टेप विणीच्या उंचवट्यांवर टेकते आणि खड्ड्यांतून रंग आत पळतो.

टेप कुठली? पिवळसर, सुरकुत्यांची, हार्डवेअरच्या दुकानातली मास्किंग टेप या कामाची नाही. तिची कडच नागमोडी असते. सपाट कागदाची वॉशी टेप घ्या. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारी प्लास्टिकची फाइन लाइन टेप सगळ्यात स्वच्छ कड देते, ३ आणि ६ मिलिमीटरची वळणालाही चालते. तिला बाहेरून साधी टेप लावून पट्टा रुंद करा.

क्रम असा. खालचा रंग निदान २४ तास वाळू द्या, पावसाळ्यात ४८ ते ७२. टेप ताणू नका, ताणलेली टेप रात्रीत आकसून उठते. कड चमच्याच्या पाठीने घोटा. आता टेपच्या कडेवरून मॅट मीडियमचा (रंगद्रव्य नसलेल्या पारदर्शक माध्यमाचा) किंवा खालच्याच रंगाचा पातळ हात द्या. जे काही आत झिरपायचं ते हेच झिरपतं, आणि ते दिसत नाही. हे वाळलं की वरचा रंग दोन-तीन पातळ हातांत, ब्रश टेपकडून रंगाकडे ओढत. शेवटचा हात स्पर्शाला कोरडा पण अजून लवचिक असताना टेप स्वतःवरच दुमडून, तिरकी, सावकाश काढा. पूर्ण कडक होऊ दिलात तर रंगाची कड फाटते. टेप रात्रभर ठेवू नका, दमट हवेत गोंद मागे राहतो.

खालचा रंग सोलून आला त्याची कारणं तीन असू शकतात: रंगात निम्म्याहून जास्त पाणी घातल्याने चिकटद्रव्य विरळ झालं, प्रायमर खडूसारखा भुसभुशीत निघाला, किंवा थर पुरता वाळलेलाच नव्हता. तपासायला कोपऱ्यात ब्लेडने बारीक जाळी कापा, टेप दाबून झटक्यात ओढा. चौकोन निघाले तर पुढे जाऊ नका, तो थर घासून काढा. रंग पातळ करायचाच तर पाण्याऐवजी मीडियमने करा.

चौथा_मजला

खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. एसीपी डोक्यातच आली नव्हती. दोन शंका: वाळू चौपाटीवरची धुऊन घेतली तर चालेल का? आणि मऊ कडा टेप न लावता हाताने करायच्या तर कशा, कारण अ‍ॅक्रिलिक दोन मिनिटांत वाळतं आणि ब्रशचे ओरखडे राहतात.

नाईफवाली

चौपाटीची वाळू नको. मीठ धुऊन कमी होतं, पूर्ण गेलं की नाही ते घरी कळत नाही. उरलेलं मीठ पावसाळ्यात ओलावा ओढतं आणि हिवाळ्यात पृष्ठभागावर पांढरी फुलं काढतं. शिवाय त्यात शिंपल्यांचा चुरा असतो. रांगोळीही नको. ती कुठल्या दगडाची आहे ते पाकिटावर नसतं, आणि रंगीत रांगोळीतले रंग उजेडात टिकत नाहीत.

फिल्टरसाठी मिळते ती सिलिका सँड घ्या, ३० ते ६० मेशच्या मधली, म्हणजे कण ०.२५ ते ०.६ मिलिमीटरचा. टेकड्यांवरच्या वाळूच्या जवळचा हाच आकार. चाळताना आणि घासताना एन-९५ मास्क लावा, सिलिकाची धूळ फुप्फुसाला वाईट. बारीक, गिलाव्यासारखा पोत हवा तर संगमरवराची भुकटी.

तुमची वाळू झडते कारण ती रंगात मिसळलेली आहे. रंगात प्रत्येक कणाभोवती लपेटायला पुरेल एवढं चिकटद्रव्य नसतं. प्रमाण घनफळाने: जेल मीडियम २ भाग, वाळू १ भाग. एकास एकच्या पुढे गेलात की झडणारच. हात ओला करून तळव्यावर थोडं मिश्रण चोळा, कण सुटे लागले तर जेल वाढवा. एका वेळी दोन मिलिमीटरहून जाड थर देऊ नका. पाणी उडून गेलं की लेप आकसतो, वरची साय आधी घट्ट होते आणि आतला भाग तिला फाडतो, त्याच त्या कोरड्या तळ्यासारख्या भेगा. ३६ × ४८ वर सगळीकडे दोन मिलिमीटर म्हणजे सव्वादोन लिटर मिश्रण, वजन साडेतीन किलोच्या आसपास. पण सगळीकडे द्यायचंच कशाला? पोत फक्त जमिनीच्या आकारांना द्या आणि वास्तूचे आकार काचेसारखे घोटलेले ठेवा. तिरक्या उजेडात फरक स्वतःच बोलतो.

क्रम उलटा करू नका. आधी वास्तूच्या आकारांवर टेप, मग वाळूचा लेप, लेप ओला असतानाच टेप काढायची. वाळलेल्या वाळूवर टेप लावून सरळ कड मिळत नाही, तिथे फोमकोअरची किंवा प्लास्टिकची कड टेकवून नाईफने रंग ओढा.

टेपबद्दल मात्र पटाशींशी माझा मतभेद आहे. पद्धत बरोबर आहे, पण तीनपैकी एका तरी कडेला टेप नकोच. सावलीची कड नाईफने ओढलेली असेल तर तिच्यात किंचित थरथर राहते आणि ती नेमकी हवी असते.

मऊ कड: रंगात रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घाला, घनफळाच्या १० टक्क्यांपर्यंतच. जास्त घातलात तर थर चिकट राहतो आणि मुंबईत तर वाळतच नाही. दोन्ही रंग शेजारी लावा, मध्ये दोन सेंटिमीटर कोरडं ठेवा, आणि जुन्या, पसरट, कोरड्या हॉग (डुकराच्या राठ केसांच्या) ब्रशने कडेला आडवं हलकं झाडत राहा. दर चार-पाच फटक्यांनी ब्रश फडक्यावर पुसा, नाहीतर तोच रंग परत परत फासला जातो. दुसरा मार्ग फोमच्या छोट्या रोलरचा. जवळपास कोरडा रोलर कडेवरून एकाच दिशेने फिरवला की रंग ठिपक्यांनी विरळ होत जातो. वाळूच्या शेजारी हा जास्त शोभतो, कारण त्यात कणांचा भास असतो. एअरब्रश वापरू नका असं मी म्हणेन. कड निर्दोष येते आणि चित्र जाहिरातीकडे झुकतं, म्हणजे तुमची मूळ तक्रार परत.

रेषा

तंत्र वर भरपूर झालं. पाहण्यासारखं थोडं सुचवते, कारण हा प्रश्न अनेकांनी आधी हाताळलेला आहे आणि प्रत्येकाने वेगळी वाट काढली आहे.

पहिलं नाव नसरीन मोहम्मदी. कराचीत जन्म (१९३७), वाढल्या मुंबईत, पुढे बडोद्यात शिकवलं, १९९० मध्ये किहीमला निधन. बहारीनचं वाळवंट, फत्तेपूर सिक्री, चंदीगढ यांचे त्यांनी फोटो काढले आणि कागदावर पेन्सिल-शाईने, वास्तुविशारदाच्या अवजारांनी, फक्त रेषा ठेवल्या. त्या रेषांमधलं अंतर कसं हळूहळू वाढतं ते पाहा. क्षितिज न काढता खोली मिळते. तुमच्या चित्रातल्या मोकळ्या भागाला याचा थेट उपयोग आहे.

जोसेफ आल्बर्स यांची १९४७ मध्ये सुरू झालेली अडोबी मालिका मेक्सिकोतल्या मातीच्या घरांवरून आली. दोन दारांची दर्शनी भिंत, एवढाच सांगाडा, आणि त्यावर रंगांचे असंख्य फेरफार. खाली चौकड्यांची जाळी आखलेली असते आणि रंगांची क्षेत्रफळं त्यावर मोजून जवळपास सारखी ठेवलेली असतात. तीन चित्रांच्या मालिकेसाठी हा धडा पक्का: सांगाडा तोच, रंग बदला. तुमच्या ३६ × ४८ मध्ये १२ इंचांचे बारा चौरस बसतात. ३६ × ३६ चा मोठा चौरस एका बाजूला सारला की उरते १२ इंचांची उभी पट्टी. ती पट्टी वास्तूला आणि चौरस वाळूला दिलात तर इमारत सांगण्याची जबाबदारी आपोआप घटते.

जॉर्जिया ओकीफ यांनी १९४५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अबिक्यू इथे मातीच्या भिंतींचं घर घेतलं आणि त्यातल्या अंगणाचं काळं दार पुन्हा पुन्हा रंगवलं. भिंत, दार, जमिनीवरच्या फरशा, संपलं. किती कमी आकार पुरतात ते यात दिसतं. गेरू_काव यांनी पाच टक्के गडद म्हटलंय, तिथे हे दार अपवाद आहे, पण ते भिंतीत नेमकं कुठे बसवलंय ते तपासून बघा.

रिचर्ड डिबेनकॉर्न १९५० ते ५२ अल्बुकर्कीला होते. त्या काळातल्या चित्रांत वाळवंट वरून, विमानातून पाहिल्यासारखं पसरतं, आणि १९६७ पासूनच्या ओशन पार्क मालिकेत खोडलेल्या कोळशाच्या रेघा तशाच ठेवलेल्या दिसतात. पोस्टर टाळण्याचा तोही एक मार्ग: सरकवलेल्या कडेची जुनी जागा पातळ रंगाखाली दिसू द्या. यासाठी वरचा थर टायटॅनियमऐवजी झिंक व्हाइटने हलका करा, तो पारदर्शक असतो. अ‍ॅक्रिलिकमध्ये चालतो, तैलरंगात झिंकचे थर ठिसूळ होतात.

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा पृष्ठभाग या यादीत बसत नाही असं वाटेल. पण रोलर आणि नाईफने रंग चढवून पुन्हा उचलण्याची त्यांची रीत, नाईफवालींनी सांगितलेल्या मऊ कडेचं टोक आहे.

स्केचिंगसाठी लांब जायला नको. पेडर रोडवरचं कोरियांचं कांचनजंगा (१९८३) रस्त्यावरूनच दिसतं. कोपऱ्यातून कापून काढलेल्या दुमजली उंचीच्या गच्च्या सकाळी आणि संध्याकाळी वेगवेगळ्या भरतात. फक्त भोकं आणि त्यांच्यातल्या सावल्या काढा, बाकीचा मनोरा काढू नका. अहमदाबादला जाणं झालं तर ल कॉर्बुझिए यांची मिल ओनर्स असोसिएशनची इमारत (१९५४): पश्चिमेकडच्या उभ्या फळ्या तिरप्या, पूर्वेकडच्या सरळ. ऊन अडवण्यासाठी केलेला हा फरक तसाच उचलण्याजोगा आहे.

चौथा_मजला

सांगाडा एकच ठेवून तीन ऋतूंच्या सावल्या, असं करतो आहे. पट्टी १२ इंचांची, उजवीकडे. व्हार्निश पावसाळ्यात करू का थांबू?

पटाशी

थांबा. आर्द्रता ७०-७५ टक्क्यांच्या वर असताना व्हार्निश दुधाळ होतं, आणि मॅट व्हार्निशमध्ये तर ते लवकर लक्षातही येत नाही, गडद भाग नुसते धुरकट वाटतात. दोनशे-तीनशे रुपयांत हायग्रोमीटर मिळतो, तो भिंतीला लावा. दिवाळीनंतर कोरडी हवा सुरू झाली की आधी मीडियमचा एक पारदर्शक हात, तो दोन दिवस वाळला की व्हार्निशचे दोन पातळ हात. मॅट व्हार्निशची बाटली हलवू नका, काठीने तळापासून ढवळा. फेसाचे बुडबुडे वाळूच्या पोतात अडकले की पांढरे ठिपके राहतात. पृष्ठभागावर वाळू असेल तिथे ब्रशऐवजी स्प्रे.

तोवर चित्रं तोंडाला तोंड लावून ठेवू नका. अ‍ॅक्रिलिक उष्ण-दमट हवेत मऊ राहतं आणि एकमेकांना चिकटतं. बबल रॅप तर चित्राच्या तोंडाला कधीच नको, गोल ठसे कायमचे उमटतात. मध्ये बेकिंगचा सिलिकॉनवाला कागद, त्यावर थर्माकोलची शीट, आणि उभीच ठेवा. भिंतीवर लावताना पश्चिमेची, पावसाचा मारा खाणारी भिंत टाळा आणि चारही कोपऱ्यांमागे सेंटिमीटरभर जाडीचे रबराचे बूच लावा म्हणजे मागून हवा खेळेल. एसीपीला बुरशी धरत नाही, पण मागच्या भिंतीच्या रंगाला धरते आणि तिथून ती चौकटीवर येते.